उंबरठा ओलांडलेली स्मिता

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला हुकमी खेळाडू एकच हंगाम खेळून एनबीएत निघून जातो. चाहते त्याचा अभिमानही बाळगतात आणि रागही धरतात. स्मिता पाटीलबद्दल आम्हा खानदेशी लोकांचं असंच आहे. घराणं शिरपूरचं, म्हणून ती 'आपली'. पण 'नमक हलाल'मध्ये अमिताभसोबत पावसात नाचली, म्हणून समांतर सिनेमा सोडून गेलेली.

मला ही तक्रार पटत नाही. 'नमक हलाल' १९८२चा, आणि जब्बार पटेलांचा 'उंबरठा'ही १९८२चाच. ती एकाच वेळी दोन्हीकडे होती. शिवाय 'उंबरठा'तली सुलभा सासर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून नोकरीला जाते. परतल्यावर घरात आपली जागा उरली नाही हे कळतं, तेव्हा पुन्हा निघते. तिच्या जाण्याला आपण दाद देतो. ती भूमिका करणारीनं स्वतःचा उंबरठा ओलांडला, की मात्र हिशोब मागतो.

१३ डिसेंबर १९८६ला ती गेली, अवघ्या ३१व्या वर्षी. जळगाव-धुळ्याहून माझ्यासारखी कितीतरी पोरं इंजिनिअर होऊन पुण्याला गेली. आम्हालाही कुणी असाच हिशोब मागितला, तर तो आम्हाला आवडेल का?