उतरलेला आवाज आणि आमची रसिकता

गायिकेनें पन्नाशी ओलांडली कीं आमचे परीक्षक "आवाज गेला" असा निकाल देऊन मोकळे होतात. गेला म्हणजे नेमकें काय झालें, हें विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं.

रजोनिवृत्तीचा कंठाशीं असलेला संबंध वैद्यकाला आतां अपरिचित नाहीं. इस्ट्रोजेन हा अंतःस्राव ओसरला कीं स्वरतंतूंवरील आवरण कोरडें पडतें, तंतूंना किंचित् जाडी येते. आवाज थोडा खालीं उतरतो, तारसप्तकांतील स्वर पूर्वींच्या सहजतेनें लागत नाहींत, कंठ लवकर थकतो. सर्वांनाच हा अनुभव सारखा येतो असें नाहीं. वडीगोद्रीसारख्या गांवीं दिवसभर वर्गांत बोलणाऱ्या शिक्षिकेलाहि तो येऊं शकतो. तिच्या आवाजावर अभिप्राय छापून येत नाहीं, इतकाच भेद!

परंतु आमचा षड्ज कोणत्याहि एका पट्टीला जखडलेला नाहीं. काळी पांचमध्यें गाणारीनें उद्यां काळी चारमध्यें तंबोरे जुळविले, तरी राग तोच राहतो. चित्रपटगीताची गोष्ट निराळी. पडद्यावरील नायिका नित्य विशीचीच! लता मंगेशकरांचा जन्म १९२९ चा. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटांत त्या पासष्टीच्या घरांत असतांना तरुण नायिकेसाठीं गायल्या. तेथें आवाजाला वय लपवावेंच लागतें. बैठकीच्या गायिकेवर हेंच माप लादणें मात्र सर्वस्वी गैर होय.

केसरबाई केरकरांचें उदाहरण पाहावें. त्यांचा जन्म १८९२ चा. 'सूरश्री' ही पदवी त्यांना १९४८ सालीं मिळाली, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५३ सालीं. म्हणजे दोन्ही सन्मान पंचावन्नीनंतरचे. अल्लादियाखांसाहेबांकडून त्यांनीं घेतलेल्या गायकीचें बळ खुल्या आकारांत, दमसासांत आणि लयीला बिलगून चालणाऱ्या तानेच्या विचारांत आहे. स्वर किती उंच चढला यांत नाहीं. असल्या गाण्याला दोन पट्ट्यांचा फरक तो काय जाचणार?

आणि गंगूबाई हनगल? घशावरील उपचारानंतर त्यांचा आवाज तरुणपणींच जाड व भारदस्त झाला, आणि त्याच आवाजावर त्यांनीं पुढें कित्येक दशकें मैफली गाजविल्या. श्रोत्यांनीं त्याला 'मर्दानी' म्हणून कौतुकानें दाद दिली. मग दुसऱ्या एखाद्या गायिकेचा स्वर पन्नाशींत त्याच दिशेनें चार पावलें उतरला, तर त्याच श्रोत्यांनीं त्याला ऱ्हास कां म्हणावें?