‘आकारिक’ म्हणजे काय हो, गुरुजी?

वाशीम जिल्ह्यातील मालेगावला भाच्याच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो. चौथीतल्या एका मुलाच्या वडिलांनी प्रगतिपत्रक पुढे करून विचारले, “गुरुजी, हे आकारिक म्हणजे काय?” उत्तर आले, “सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा तो एक भाग आहे.” वडिलांनी मान डोलावली आणि पत्रक घडी करून खिशात ठेवले.

परिभाषेवर माझा राग नाही. प्रयोगशाळेत तिच्यावाचून आमचे पान हलत नाही. पण हा शब्द समजावणे खरेच इतके कठीण आहे का? आकारिक व संकलित हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला. आपल्या शाळांत तो २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने रुजला. समोरचे गृहस्थ सोयाबीन पेरणारे. उभ्या पिकात फिरून अळी पडली का, शेंगा भरल्या का ते पाहणे, हे आकारिक. बाजार समितीच्या काट्यावर पोते चढवणे, हे संकलित. वावरात अळी दिसली तर फवारणी करता येते. काट्यावर काहीच करता येत नाही.

इतके कळले, की शेतकरी पुढचा प्रश्न विचारणारच: अळी केव्हा दिसली, आणि तुम्ही काय केलेत? २०१० च्या त्या पद्धतीत तिसरी-चौथीसाठी १०० पैकी ६० गुण आकारिकला ठेवले गेले. म्हणजे वावरातल्या फेरीचेच वजन करून टाकले! वर्षअखेर आकडे भरले जातात, फवारणी राहून जाते. मला तर वाटते, अवघड शब्दाच्या आड आपण शिक्षक-संशोधक मंडळी याच प्रश्नापासून सुरक्षित राहतो.

सोपा शब्द तर कधी अधिक घातक ठरतो. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ‘अप्रगत’ हा शब्द शाळाशाळांत वापरला गेला. शिक्षकाच्या मनात एका चाचणीतले गुण असतात. आईला ऐकू येते, ‘पोर मंद आहे’. त्याचा अर्थ कोणी विचारतही नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांना नियमित सभा घेऊन सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. त्या मुलाबद्दल सांगायचे होते ते एवढेच: हातच्याची वजाबाकी त्याला येते, पण शाब्दिक उदाहरणात कशातून काय वजा करायचे ते चुकते. गुरुजींच्या नोंदवहीत हे लिहिलेलेही होते.