पाऊस बघायला जाणं

बारावीनंतरच्या जुलैत मी पहिल्यांदा मुंबईला गेलो, ते पाऊस बघायला. इंदापूरच्या माणसाने हे कारण घरी सांगितलं तर घरचे हसतात, म्हणून मी ‘आत्याकडे जातो’ एवढंच सांगितलं. पुण्यापर्यंत एसटी, पुढे रेल्वे. खंडाळ्याच्या घाटात खिडकीतून धबधबे दिसायला लागले तेव्हा डब्यातली अर्धी माणसं झोपलेली होती. मला मात्र वाटत होतं, आता खरा पाऊस सुरू झाला. गाण्यातला, कवितेतला, सिनेमातला.

आत्या कुर्ल्याला राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत पाणी चढायला लागलं. आत्याने काही न बोलता पिठाचा डबा पलंगावर ठेवला, मग तांदळाचा, मग रेशन कार्ड असलेली पिशवी. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “तिकडं पडला का रं?”

मी म्हटलं, “भुरभुर आहे नुसती. बाजरी अजून पेरली नाही.”

तिने मान हलवली आणि गॅसची शेगडी उचलायला गेली.

पावसावरचं काहीही वाचताना, ऐकताना किंवा बघताना मी तेव्हापासून आत्याचं हे एक वाक्य सोबत ठेवतो. घरात पाणी शिरत असताना दुसऱ्याच्या शेतावर पाऊस पडला का हे विचारणारं वाक्य. आपल्या पावसाच्या गाण्या-पुस्तकांत ते सापडतं का, हा या लेखाचा प्रश्न.

आधी आकडे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बारामतीत पाचशेच्या आसपास. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात, आणि आमच्या वाट्याला वारा आणि सावली येते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला. बारामतीच्या जवळपास दोन वर्षांचा पाऊस, एका दिवसात. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा पडला नाही. म्हणजे ‘मुंबईचा पाऊस’ असा एकच पाऊस मुंबईतसुद्धा नसतो. तो कुठून बघितला यावर सगळं ठरतं.

गाण्यांनी तो बहुतेक वेळा कुलाब्याकडून बघितला. ‘श्री 420’ (1955) मधली ती छत्री सगळ्यांना पाठ आहे. एक छत्री, दोन माणसं, स्टुडिओतला ओला रस्ता. तिथला पाऊस दिग्दर्शकाच्या ताब्यात आहे, हवा तेव्हा सुरू होतो आणि हवा तेवढाच पडतो. ते दृश्य सुंदर आहे, पण त्याने आपल्याला एक सवयही लावली. पाऊस आला की दोन माणसांनी जवळ यायचं, बाकीचं शहर मागे पुसट व्हायचं.

‘मंझिल’ (1979) मधलं ‘रिमझिम गिरे सावन’ मला त्याहून मोठं वाटतं, आणि त्याचं कारण फक्त लताबाईंचा आवाज आणि आर. डी. बर्मन यांची चाल एवढंच नाही. बासू चॅटर्जींनी कॅमेरा मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या पावसात नेला. अमिताभच्या अंगावर सूट आहे, आणि त्याचं पोतेरं झालंय. मौसमी चॅटर्जींची साडी पायाला चिकटतेय. सिनेमातला अजय श्रीमंतीचा आव आणून प्रेमात पडलेला आहे, हे लक्षात ठेवून हे गाणं पुन्हा बघा. जो सूट त्याच्या खोटेपणाची खूण आहे, त्याचंच पावसात काही उरत नाही. इथे पाऊस नुसता पडद्यामागचा देखावा राहत नाही, कथेतलं एक काम करतो. तरीही या गाण्यात कुणाची लोकल चुकत नाही, कुणाच्या घरात पाणी जात नाही. कॅमेरा कुर्ल्याच्या गल्लीत वळत नाही. गाण्याने तिकडे वळलंच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. पण पन्नास वर्षं आपण तिकडे न वळणारीच गाणी पुन्हा पुन्हा मागितली, हे आपलं आहे.

मराठीत हीच जागा ‘गारवा’ने घेतली. मिलिंद इंगळेंची चाल आणि प्रत्येक गाण्याआधी सौमित्र यांच्या आवाजात येणारं निवेदन. माझ्या वयाच्या अर्ध्या लोकांना पाऊस म्हटलं की आधी तो आवाज आठवतो, मलाही. पण त्या अल्बममधला पाऊस नेहमी येऊन पोचलेला असतो. येईल की नाही ही धाकधूक त्यात नाही. ऐकणाऱ्याने फक्त खिडकीत उभं राहायचं आणि कुणाची तरी आठवण काढायची. खिडकी गळत नाही हे गृहीत धरलेलं आहे.

याउलट दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956) घ्या. मुंबईत राहून लिहिलेलं, मराठी महिन्यांच्या क्रमाने जाणारं पुस्तक. दुर्गाबाईंनी ऋतूला स्वतःच्या मनाचा आरसा केलं नाही. झाड, पान, पाखरू, आभाळ यांच्याकडे त्या टक लावून बघतात आणि जे दिसलं ते नेमकं सांगतात. रील काढणाऱ्या माझ्यासारख्या प्रत्येकाला त्यांनी एक गोष्ट शिकवावी असं वाटतं: पाऊस बघायला गेलो तर पाऊसच बघावा, पावसात आपण कसे दिसतो ते नाही. पण तेही मुंबईत उभं राहून केलेलं बघणं आहे. ढग येणार याची खात्री असलेल्या गावचं.

आमच्या गावांत पावसाळा नळीतून येतो. हे विनोदाने म्हणत नाही. भाटघरच्या धरणात सह्याद्रीचा पाऊस साठतो आणि निरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या उसापर्यंत पोचतो. इंदापूरची दुसरी बाजू उजनीवर जगते. तिथेही पाऊस पडावा लागतो तो वर, मावळात आणि पुण्याच्या धरणांवर. म्हणून जुलैत आमच्या व्हॉट्सॲपवर कविता कमी आणि टक्केवारी जास्त फिरते. ‘उजनी किती?’ हा आमचा मेघदूत. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. शून्याखालीही धरण असतं, हे गणित उजनीकाठच्या पोराला शाळेआधी कळतं. पाणी असं उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, आणि पुण्या-मुंबईचे लोक ते बघायला येतात. आम्ही त्यांचा पाऊस बघायला जातो, ते आमचा दुष्काळ बघायला येतात.

वाट बघण्याचं हे साहित्य मराठीत नाही असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) माणदेशातली, पण आमच्या माणसाला परकी वाटत नाही. शेवटी दुष्काळ पडतो आणि मेंढक्यांची वाडी ओस होते. माडगूळकर तिथे आवाज चढवत नाहीत. न आलेल्या पावसाबद्दल एवढ्या शांतपणे लिहिता येतं, हे आलेल्या पावसाबद्दल भरभरून लिहिणाऱ्यांनी वाचायला हवं.

आणि मला आमच्याच बारामतीचे मोरोपंत आठवतात. 1729 ते 1794 हा त्यांचा काळ, त्यातला मोठा भाग कऱ्हाकाठच्या बारामतीत गेला. शाळेत आपण त्यांना अवघड शब्दांचे पंडित म्हणून घाबरून सोडून देतो. पण त्यांच्या शेवटच्या मोठ्या रचनेचं नाव बघा: ‘केकावली’. केका म्हणजे मोराचा टाहो, केकावली म्हणजे अशा हाकांची माळ. पंतांनी स्वतःला मयूर म्हटलं आणि देवाला हाक घातली, मोर मेघाला घालतो तशी. त्यांनी बारामतीच्या कोरड्या आभाळावर लिहिलं असा दावा मी करणार नाही. ती भक्तीची कविता आहे, आणि हा संकेत संस्कृतातून आलेला आहे. पण पर्जन्यछायेतल्या गावात बसून एका कवीने आपल्या कवितेला मोराच्या हाकेचं नाव दिलं, हे वाचताना आमच्या कानाला वेगळं ऐकू येतं. त्यात पाऊस आलेला नाही, हाक आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी दयेवर आपलं जगणं अवलंबून आहे, ही जाणीव आहे.

म्हणून मला वाटतं, मराठीत पावसाच्या दोन वेगळ्या रांगा झाल्या. एका रांगेत भिजणारे, दुसऱ्या रांगेत वाट बघणारे. आणि ज्या घरांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, ती घरं दोन्ही रांगांच्या मधे राहिली. गावची पेरणी आणि कुर्ल्याचा उंबरा एकाच डोक्यात घेऊन जगणारी लाखो माणसं मुंबईत आहेत. त्यांचा पाऊस मला अजून हवा तसा वाचायला मिळालेला नाही.

तो लिहिण्याची गरज आता वाढली आहे, कारण रांगाच मोडायला लागल्यात. 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी मान्सून राज्यात लवकर आला, आणि बारामती-इंदापुरात असा कोसळला की निरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरलं, एनडीआरएफची पथकं आली. ज्या गावांनी पाऊस कायम मागितला, त्यांना तो नको म्हणायची वेळ आली. आमच्याकडे त्यासाठी ना गाणं होतं ना म्हण.

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. लाइन खरखरत होती. पाऊस किती, पीक किती गेलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “गहू वर ठिवला का?”

ठेवला होता.