४२ स्क्वाड्रन म्हणजे नेमकी किती ताकद?

हवाई दलाच्या आधुनिकीकरणावरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, सुरुवातीलाच ४२ हा आकडा भेटतो. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि उरल्या २९. मग निष्कर्ष ठरलेला: १३ कमी, म्हणून सामरिक प्रभावही कमी. या मांडणीवर माझा आक्षेप आहे, आणि तुम्ही संशोधन आराखडा लिहायला बसणार असाल तर तो आत्ताच ऐकून घ्या.

आपण मोजतोय काय, ते आधी बघा. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १८ विमानं, पण ती कागदावर. कॅगच्या २०१५ च्या अहवालात सुखोई-३० ची प्रत्यक्ष उपलब्धता ५५ ते ६० टक्के निघाली. अपेक्षा ७५ ची होती. आता साधं गणित करू. ताफा २०० विमानांचा धरा. उपलब्धता ५५ वरून ७५ वर नेली, तर ४० विमानं जास्त हाताशी येतात. म्हणजे दोन स्क्वाड्रनहून अधिक, तेही एकही नवं विमान न घेता! ४२ च्या आकड्यात हा फरक दिसतच नाही. प्रयोगशाळेत यंत्रं किती, यापेक्षा त्यातली चालू किती, हेच आपण विचारतो ना?

गंमत म्हणजे ही देखभाल सांभाळणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे, वर्ध्याहून दीड-दोन तासांवर. आणि आपण इथे बसून लिहितो राफेलवर.

संख्या बिनकामाची आहे असं नाही. एक विमान एका वेळी दोन सीमांवर उडू शकत नाही. पण संख्या अडते कुठे? २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए मागवली. ओझरला त्यासाठी नवी जुळणी-साखळी उभी राहिली, तिथल्या पहिल्या विमानाने ऑक्टोबर २०२५ मध्ये उड्डाणही केलं. इंजिनं मात्र अमेरिकेच्या जीई कंपनीकडून उशिरा येत राहिली. इंजिनासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत असेल, तर तो प्रभाव नक्की कुणाचा?

‘प्रभाव’ हा शब्दही बहुतेक जण व्याख्येविनाच वापरतात. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात भारताची बचाव पथकं पोचवली ती सी-१७ या मालवाहू विमानांनी. स्क्वाड्रनच्या हिशोबात ती धरलीच जात नाहीत.

विषय घ्यायचा असेल तर कॅगचे आणि संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत. आधी तिथून उपलब्धतेचे आकडे वर्षवार काढा. राफेल नंतर बघू.