फय्याजीचे घर : सुरेखा सिक्री यांच्या भूमिकांविषयी

सुरेखा सिक्री यांचे १६ जुलै २०२१ रोजी मुंबईत निधन झाले. त्या वेळी बऱ्याच बातम्यांत त्यांची ओळख ‘बालिका वधू’मधील दादीसा अशीच करून देण्यात आली. यात गैर काही नाही. त्या मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचविले. परंतु त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा विचार केला, तर त्यांचे मोलाचे काम दुसरीकडे आहे असे आम्हांला वाटते. हिंदी पडद्यावर मुस्लिम बाई पूर्वी प्रामुख्याने दोनच ठिकाणी दिसे, कोठ्यावर किंवा नवाबी हवेलीत. तिला साध्या घरात आणून बसविणारे जे थोडे कलावंत झाले, त्यांत सिक्री यांचे नाव अगदी वर घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १९४५चा. शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाले. उर्दू उच्चारांची सहजता त्यांना तिथेच लाभली असावी. पुढे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. तेव्हा विद्यालयाची सूत्रे आपल्या पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांच्याकडे होती. शिक्षण संपल्यावर विद्यालयाच्याच रंगमंडळात त्यांनी दशकाहून अधिक काळ काम केले. हिंदी रंगभूमीवरील अभिनयासाठी १९८९मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पडद्यावरच्या त्यांच्या कामात ही नाटकाची तालीम दिसते, पण नाटकीपणा दिसत नाही. आवाज न चढवता एखादे वाक्य जड करणे आणि दुसरे पात्र बोलत असताना नुसते ऐकत राहूनही प्रसंगात हजर असणे, या दोन गोष्टी त्यांनी रंगभूमीवरून बरोबर आणल्या.

१९८८मध्ये दूरदर्शनवर आलेल्या गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’मध्ये त्यांनी राजो केली. फाळणीच्या दंगलीत एक वृद्ध शीख जोडपे या मुसलमान बाईच्या दारात येते. घरातले पुरुष बाहेर काय करत आहेत हे राजोला माहीत आहे, तरी ती त्या दोघांना आत घेते. अशा भूमिकेत अभिनेत्रीला देवी होण्याचा मोह सहज पडावा. सिक्री यांची राजो भीते, हिशेब करते, घरच्यांना काय सांगायचे याची चिंता करते आणि हे सगळे करूनही माणुसकी सोडत नाही. म्हणून ती खरी वाटते. या भूमिकेने त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

पण आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी भूमिका श्याम बेनेगल यांच्या ‘मम्मो’ (१९९४)मधील फय्याजी ही होय. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेली मम्मो वैधव्यानंतर मुंबईत बहिणीकडे येते. तिला इथेच राहायचे आहे, पण तिच्या हाती फक्त मुदतीचा व्हिसा आहे. फरीदा जलाल यांच्या मम्मोवर प्रेक्षकाचा जीव जडतो, तो जडावाच. ती बोलते, रडते, सगळ्यांत मिसळते. फय्याजीच्या वाट्याला चिडणे येते. नातवाला वाढवायचे, घर चालवायचे, आता त्यात बहीणही आली. सिक्री यांनी ही चिडचिड कुठेही गोड केलेली नाही. मम्मोला पोलीस घेऊन जातात आणि फ्रंटियर मेलने तिची सीमेकडे रवानगी होते, तेव्हा या चिडचिडीखाली किती माया होती हे आपल्याला कळते. सीमा ओलांडून गेलेल्या माणसाची गोष्ट साहित्यात पुष्कळ आली आहे. जी इथेच राहिली, रेशन आणि नातू सांभाळत राहिली, तिची गोष्ट फय्याजी सांगते. भारतात राहिलेल्या मुसलमानाच्या घरची ही गोष्ट आहे.

हीच फय्याजी ‘जुबैदा’ (२००१)मध्ये पुन्हा भेटते, आणि गंमत म्हणजे वयाने लहान होऊन भेटते. इथे ती सुलेमान सेठची बायको आणि जुबैदाची आई आहे. नवऱ्याच्या हुकमापुढे ती गप्प बसते. ‘मम्मो’मधल्या नानीच्या कडवटपणाचे मूळ या गप्प बसण्यात आहे, हे सात वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन भूमिकांतून सिक्री दाखवून देतात. सईद मिर्झा यांच्या ‘सलीम लंगडे पे मत रो’मधील अमीना घ्या किंवा बेनेगल यांच्याच ‘हरी-भरी’ (२०००)मधील हसीना घ्या, प्रत्येक बाई वेगळी आहे. गिरणी आणि गल्ली यांच्या मुंबईतली आई खेड्यातल्या म्हातारीसारखी बोलत नाही.

जन्माने मुस्लिम नसलेल्या अभिनेत्रीने ही घरे दाखवावीत काय, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. आम्हांला तो तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. नट दुसऱ्याच्याच घरात राहायला जातो, तो तिथे कसा वागतो एवढेच पाहावे. आमची तक्रार वेगळी आहे. या चित्रपटांतील मुसलमान घर बव्हंशी उत्तरेकडील उर्दूच बोलते. रत्नागिरी-रायगडकडची कोकणी, सोलापूर-मराठवाड्याकडची दखनी, मराठीतच भांडणारी आणि मराठीतच हसणारी आमची घरे त्यांत क्वचितच दिसतात. हा दोष सिक्री यांचा नव्हे, लिहिणाऱ्यांचा आहे.

दुसरी तक्रार उद्योगाबद्दल आहे. ‘मम्मो’त नानी झाल्या तेव्हा त्या पन्नाशीच्याही नव्हत्या. त्यांना तरुणपण देणारी भूमिका पडद्याने जवळजवळ दिलीच नाही. २००८पासून ‘बालिका वधू’तील कल्याणीदेवी आली आणि तिने अफाट लोकप्रियता मिळविली. बालविवाहाच्या प्रथेवरची ही मालिका. त्यात जाच करणारी आजेसासूच प्रेक्षकांना आवडू लागली! हे अभिनयाचे यश खरे, पण रोज एक भाग लांबविणाऱ्या मालिकेची ती सोयही होती. जाच दाखवत राहिले की प्रेक्षक टिकतो. तरीही दादीसाच्या मनात होणारा बदल सिक्री यांनी इतक्या सावकाश आणला की तो पटला.

‘बधाई हो’ (२०१८)मध्ये त्या पुन्हा मुळाशी आल्या. उतारवयात गरोदर राहिलेल्या सुनेला टोमणे मारणारी सासू, लग्नघरात तिच्याच लेकीने आणि दुसऱ्या सुनेने तिला नावे ठेवताच वाघिणीसारखी तिची बाजू घेते. फय्याजीचीच ही जात. हिचे प्रेमही रागाच्या वाटेनेच येते. या भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला त्या डिसेंबर २०१९मध्ये चाकाच्या खुर्चीतून आल्या, तेव्हा सभागृह उठून उभे राहिले. ‘तमस’, ‘मम्मो’ आणि ‘बधाई हो’ असे तीन राष्ट्रीय पुरस्कार त्यांना तीस वर्षांत मिळाले. तिन्ही ‘सहाय्यक’ अभिनेत्रीचे आहेत. घर जिच्या खांद्यावर उभे असते तिला सहाय्यक म्हणण्याची रीत चित्रपटातही आहे आणि घरातही आहे.

‘मम्मो’ आणि ‘जुबैदा’ लिहिणारे खालिद मोहंमद यांनी आपल्याच कुटुंबातल्या बायका कागदावर उतरविल्या, म्हणून सिक्री यांना फय्याजी मिळाली. आपल्या मराठी मुस्लिम लेखकांच्या घरातही अशा आज्या, माम्या, खाला आहेत. त्यांच्या कथा-कवितांतून त्या डोकावतातही. त्यांच्यासाठी कुणी नाटक, पटकथा लिहिली, तर ती करायला अभिनेत्री मिळेल. सुरेखा सिक्री यांनी हे काम कसे करावे ते दाखवून ठेवले आहे. लिहिण्याचे काम मात्र आपलेच आहे.