परतीची तारीख कोणाच्या हाती?

आषाढीला नारायणगडावर, बीडच्या या धाकट्या पंढरीत, जी कुटुंबे एकत्र दिसतात त्यांतली कित्येक दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीला निघतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा गावात मागे राहिली असतील ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. हीच मुले पुढे संसार मांडतात. त्यांच्या नात्यांतला भरवसा कोणत्या मापाने मोजायचा?

प्रचलित माप जॉन बोल्बी यांच्या अनुबंध-सिद्धान्ताचे आहे. लहानपणी हाकेला धावून येणारे माणूस मिळाले की नाही, त्यावरून मूल जगाविषयी अंदाज बांधते आणि तो मोठेपणी सोबत नेते. 1987 साली सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी ही कल्पना प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावली. डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रातील प्रश्नावलीच्या 620 उत्तरांत 56 टक्के लोक सुरक्षित, 25 टक्के अंतर राखणारे आणि 19 टक्के चिंताग्रस्त ठरले.

माझा आक्षेप या आकड्यांना नाही, ते माप सरसकट लावण्याच्या घाईला आहे. आई सहा महिने दूर, म्हणून मूल असुरक्षित, इतका सोपा हिशेब बोल्बींनीही मांडलेला नाही. मागे सांभाळणारे माणूस ओळखीचे व मायेचे आहे का, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. आजीच्या कुशीत वाढलेले मूल निराधार कसे म्हणावे? मात्र आजीचा गौरव करून थांबणेही सोयीचेच. आईच्या परतीची तारीख आईच्या हाती नसते. ती कारखान्याचा गाळप हंगाम आणि मुकादमाची उचल ठरवते.

पुढे लग्नातही तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडीला मिळते, खाडा पडला तर दंडही जोडीलाच. कोयता पुरा व्हावा म्हणून लग्ने लवकर उरकतात. एकमेकांची ओळख पटण्याआधी नात्यावर कर्ज चढते. अशा संसारात पैशावरून संशय आला, अबोला धरला, तर प्रश्नावली त्याला स्वभाव म्हणेल. तो पुष्कळदा व्यवहाराचा अनुभव असतो.

माप फेकून देऊ नये. त्यात एक प्रश्न वाढवावा: तुमचे माणूस परत कधी येणार, हे ठरवत कोण होते? त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणा तरुणाला अविश्वासू म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.