इंग्रजी काळ आणि आमचे तक्ते

इंग्रजी क्रियापदांच्या काळांविषयीं आमच्या शाळांतून जें शिकविलें जातें, त्याचें परीक्षण करण्याचा प्रसंग नुकताच आमच्यावर आला. जळगांव व भुसावळ यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरील नशिराबाद हें आमचें गांव. येथील एक पदवीधर तरुण आपला इंग्रजी अर्ज तपासून घेण्यासाठीं वडिलांसह आमच्याकडे आला. अक्षर मोत्यासारखें, शब्दलेखनांत एकही चूक नाहीं. परंतु आरंभींच वाक्य होतें, ‘आय हॅव पास्ड बी. ए. इन 2019’, आणि पुढें, ‘आय ॲम टीचिंग सिन्स थ्री इयर्स.’ आम्हीं दोन्ही वाक्यांखालीं रेघ ओढली. तेव्हां त्यानें बारा काळांचा तक्ता धडाधड म्हणून दाखविला आणि नम्रपणें विचारलें, “सर, दोन्ही रूपें तक्त्यांत आहेत, मग चूक कोठें झाली?”

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्या तक्त्यांत नव्हतें, आणि हीच आमची त्या तक्त्याविरुद्ध मुख्य तक्रार आहे. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन, प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण असे चार, एकूण बारा. रूप कसें घडवावें एवढें हा तक्ता सांगतो; तें केव्हां योजावें याविषयीं तो मौन पाळतो. मग विद्यार्थी काय करतो? मनांतील मराठी वाक्य घेतो आणि त्याला तक्त्यांतील जुळतें रूप चढवितो. ‘मी 2019 सालीं बी. ए. झालों आहें’ हें मराठी निर्दोष आहे. इंग्रजींत मात्र ‘हॅव’ आलें कीं गतकाळांतील निश्चित सालाचा वा दिवसाचा उल्लेख खपत नाहीं. साल सांगावयाचें तर साधा भूतकाळच पाहिजे. ‘तीन वर्षांपासून शिकवीत आहें’ हेंही मराठीला पुरतें. इंग्रजीला तेथें ‘हॅव बीन टीचिंग’ लागतें, कारण मागें सुरू होऊन आजपर्यंत पोंचलेली क्रिया दाखवावयाची आहे. शिवाय आमचें ‘पासून’ सोमवारालाही लागतें आणि तीन वर्षांनाही. इंग्रजी आरंभाला ‘सिन्स’ व मुदतीला ‘फॉर’ असे दोन निराळे शब्द मागते.

या घोटाळ्याचें मूळ अंशतः आमच्या परिभाषेंत आहे. घड्याळांतून वाहतो तोही काळ आणि क्रियापदाचें रूप तोही काळच. पाणिनीनें ही अडचण टाळली होती. त्यानें रूपांना लट्, लङ्, लिट्, लुङ् अशीं निव्वळ सांकेतिक नांवें दिलीं, आणि अर्थ वेगळ्या सूत्रांनीं सांगितला: लङ् आजच्या दिवसापूर्वीं घडलेल्या गोष्टीला, लिट् आपल्या डोळ्यांआड घडलेल्या गोष्टीला. रूप एक आणि वेळ दुसरी, हा विवेक डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यानेंही आपल्या 1924 सालच्या ‘व्याकरणाचें तत्त्वज्ञान’ या ग्रंथांत आग्रहानें मांडला. आमचीच बोली पाहा. “आलोंच!” असें ओरडणारा माणूस अद्यापि आलेला नसतो, आणि निरोप घेणारा “येतों” म्हणून जातो. मराठींत हें सहज कळणारीं मुलें इंग्रजींत शिरतांच नांवाला भुलतात.

‘गेलों होतों’ याची कथा याहून उद्बोधक आहे. “काल मी जळगांवला गेलों होतों,” असें आपण म्हणतों, तेव्हां जाऊन परत आल्याची सूचना त्यांत असते. त्याचें शब्दशः इंग्रजी ‘आय हॅड गॉन’ होतें, आणि ऐकणारा पुढील वाक्याची वाट पाहत राहतो. हॅन्स राइखेनबाख या तत्त्वज्ञानें 1947 सालीं याचा उलगडा केला. त्याच्या मतें काळ समजण्यास तीन बिंदू लागतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि ज्या ठिकाणीं उभें राहून आपण घटनेकडे पाहतों तो क्षण. ‘हॅड’ म्हणजे भूतकाळांत उभें राहून त्याच्याही मागें पाहणें. ‘मी पोंचलों तेव्हां गाडी सुटली होती’ येथें तो क्षण आहे, म्हणून ‘हॅड’ योग्य. कालच्या जळगांवच्या फेरीला असा क्षण नाहीं. तेथें ‘वेंट’ पुरे. हे तीन बिंदू फळ्यावर काढण्यास किती वेळ लागतो?

दोष सर्वस्वीं क्रमिक पुस्तकांचा आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं 1836 सालीं मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढें होता. पुढें ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’नें पिढ्यान् पिढ्या मराठी माणसाला इंग्रजी शिकविलें. तिचा मोठा गुण हा कीं ती नियमाबरोबर वाक्यें देते आणि विद्यार्थ्याकडून तीं करवून घेते. तिची मर्यादाही तेथेंच आहे. सुटें वाक्य प्रसंगाशिवाय येतें, आणि काळाची निवड तर प्रसंगावरच अवलंबून असते. 2000 सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आलें. वर्षें वाढलीं, परंतु प्रसंग वाढला नाहीं, तर तक्ताच लवकर पाठ होईल इतकेंच.

आमच्या खानदेशांत तर या कामीं एक धन पडून आहे. अहिराणी बोलणारें मूल ‘करस’ आणि ‘करी राह्यना’ यांत कधींही गल्लत करीत नाहीं. नित्याची क्रिया आणि डोळ्यांसमोर चालू असलेली क्रिया यांतील जो भेद इंग्रजी शिक्षक महिनाभर घासतो, तो त्यानें आईच्या मांडीवरच आत्मसात् केलेला असतो. पण वर्गांत ती बोली अशुद्ध म्हणून दारांतच अडविली जाते. ज्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें, त्या असोद्याच्या बहिणाबाईंचें नांव 2018 सालीं आमच्या विद्यापीठाला मिळालें. मग त्यांच्या खानदेशांतील बोलींना फळ्यावर जागा देण्यास संकोच कां वाटावा?

कोणी म्हणेल, अर्थ कळला म्हणजे झालें; एवढी काटेकोरी कशाला? बोलण्यांत आम्ही ही सवलत आनंदानें देऊं. परंतु त्याच अर्जांत, घरची हकीकत सांगतांना, आणखी एक वाक्य होतें: ‘माय फादर लिव्ह्ड ऑल हिज लाइफ ॲट नशिराबाद.’ व्याकरणदृष्ट्या त्यांत कांहीं चूक नाहीं. कोणत्याही तक्त्यांत तें पास होईल. ‘वडिलांनीं सारा जन्म नशिराबादेस काढला,’ हें मराठी हयात आणि दिवंगत अशा दोघांनाही लागूं पडतें. इंग्रजी वाचणारा मात्र त्यावरून निश्चित समजेल कीं वडील वारले. ते हयात आहेत हें सांगावयास ‘हॅज लिव्ह्ड’ एवढा एकच शब्द अधिक हवा होता.

आम्हीं तो शब्द घातला आणि त्या तरुणाला कारण सांगितलें. तो क्षणभर स्तब्ध झाला, मग ओसरीकडे पाहूं लागला. वडील तेथेंच बसले होते.